माझ्या मॉडेलला आडनाव लागत नाही

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

आज मानवतहून एसटीत बसले. शेजारच्या काकांनी विचारलं, "काय करायलीस बाई?"

"पीएचडी. डीएनएमधले कोणते तुकडे जीन चालू-बंद करतात, ते डीप लर्निंगनं कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायलेय."

"लय भारी! आडनाव काय तुझं?"

सांगितलं. काकांचा आवाजच बदलला. "हां, म्हंजे राखीव जागेतून."

मी म्हणाले, "काका, माझ्या मॉडेलला, म्हंजे कॉम्प्युटरमधल्या त्या शिकवलेल्या प्रोग्रामला, मी नुसती डीएनएची अक्षरं देते. तेवढ्यावरून कामाचा तुकडा त्याला ओळखू येतो. तुमाला तर मी काम तोंडानं सांगितलं, तरी आडनाव लागलं!"



हेच आडनाव माझ्या प्रबंधावर मोठ्या अक्षरात छापणार आहे. तुम्हाला आडनाव कितव्या वाक्याला विचारतात?