पंपाच्या पॅनलवरचा लाल टॅग

इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज कंपनीच्या बसमध्ये वाचते. चिंचवड ते चाकण, ट्रॅफिक धरून सव्वा तास. वाचते आणि हसते, हे आधीच कबूल करून टाकते. कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणीतरी येऊन बसतं, कुणाच्या घरातला पंखा आपोआप फिरतो... आणि मी मनात म्हणते, बाबा रे, आधी वायरिंग तपासून घे. माझा स्वभावच तसा आहे आणि नोकरीही तशीच. मी सेफ्टी ऑफिसर आहे. "आपोआप झालं" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर करायचं राहिलेलं असतं.

तर आता मीच लिहायला बसलेय. हसायचं तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या प्लांटचा वर्षातून एकदा शटडाऊन असतो. बाकीचे लोक तेव्हा गावाला जातात आणि आम्ही मेंटेनन्स-सेफ्टीवाले मशिनी उघडून बसतो. त्यामुळे सगळ्यांची सुट्टी संपली की आमची सुरू होते. या वर्षी ठरवलं, अंदमान. मी, माझा नवरा प्रशांत आणि सासूबाई. सासूबाईंचा उभा जन्म तळेगाव दाभाड्यात गेला. विमानात बसायचं म्हटल्यावर त्यांनी आठ दिवस आधी बॅग भरली आणि त्यात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घातला.

"आई, रिसॉर्टमध्ये सगळं मिळतं हो," मी म्हटलं.

"मिळतंय व्हय? मग त्यांनाच देऊ थोडी, चाखतील तरी," त्या म्हणाल्या आणि डबा आणखी आत सरकवला.

रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. पोर्ट ब्लेअरहून बोटीने दोन-अडीच तासांवरचं बेट आहे. समुद्राकडे तोंड करून दोन रांगांत बारा कॉटेज, मध्ये जेवणाचा हॉल. किचनच्या मागे पत्र्याची पंपाची खोली आणि तिच्या बाहेरच्या भिंतीला इलेक्ट्रिक पॅनल. पॅनलपासून चार पावलांवर जमिनीखालची पाण्याची टाकी, वर सिमेंटचा स्लॅब आणि लोखंडी झाकण. बोअरचं पाणी पंपाने या टाकीत येतं आणि इथून कॉटेजच्या छपरांवरच्या छोट्या टाक्यांत चढवलं जातं. हे मला कसं माहीत? पहिल्याच संध्याकाळी मी फेरी मारून बघितलं होतं. प्रशांत म्हणाला, "सुट्टीवर पण ऑडिट?" सवय आहे, काय करणार.

दोन दिवस झक्क गेले. सासूबाईंनी साडी खोचून समुद्रात गुडघाभर पाण्यात बसकण मारली ती उठायलाच तयार नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आम्ही तिघं समुद्रावरून परत आलो. अंगाला मीठ, वाळू. प्रशांत बाथरूममध्ये गेला, डोक्याला शाम्पू लावला आणि नळाने मान टाकली. आतून जो काही आरडाओरडा झाला तो मी इथे लिहू शकत नाही. शेजारच्या कॉटेजमधूनही तसलीच भाषा ऐकू येत होती. मी पंचा खांद्यावर टाकला आणि तक्रार करायला निघाले. सासूबाई मागून आल्याच.

किचनच्या मागे मॅनेजर आणि इलेक्ट्रिशियन पॅनलसमोर उभे होते. इलेक्ट्रिशियन चाळिशीतला, शांत माणूस. सकाळी टाकी साफ करायला त्यानेच पंप बंद केला होता. सफाई एक वाजता संपली, सगळे जेवायला गेले आणि आता तो पंप चालू करायला आला होता. पण स्विचच्या दांड्याला दोऱ्याने एक लाल कार्ड बांधलेलं होतं.

"मॅडम, आप महाराष्ट्र से हो ना? ये क्या लिखा है, देखिए तो. सुबह नहीं था," मॅनेजर म्हणाला.

मी जवळ गेले. कार्डावर मराठीत छापलेलं होतं – 'धोका! काम चालू आहे. चालू करू नका.' त्याखाली दोन ओळी पेनाने भरलेल्या. नाव : शीतल गायकवाड. विभाग : प्रेस शॉप.

शीतल गायकवाड म्हणजे मी. लग्नाआधीची मी. अक्षर माझं होतं.

इथे थोडं थांबून सांगावं लागेल. आमच्या कारखान्यांत मशिनीच्या आत हात घालायचा असेल तर आधी वीज तोडायची, स्विचला कुलूप लावायचं आणि आपल्या नावाचा लाल टॅग टांगायचा. टॅग ज्याचा, तोच काढणार. साक्षात मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि काढण्याआधी आत गेलेल्या प्रत्येक माणसाचा चेहरा समोर बघायचा. आतून "झालं, झालं" असा आवाज आला तर तो धरायचा नाही. चेहराच बघायचा.

अकरा वर्षांपूर्वी मी ट्रेनी होते, दुसऱ्या एका कंपनीत. प्रेसचा डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, बदलायला तीन फिटर आत होते आणि टॅग माझ्या नावाचा होता. दोघं बाहेर आले. तिसरे दत्ताभाऊ. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "झालं!" मागे सुपरवायझर घाई करत होता. मी चेहरा न बघता टॅग काढला. दत्ताभाऊंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीच्या कागदावर 'संवादातील त्रुटी' एवढंच लिहिलं गेलं. मी त्या शब्दांच्या आड लपले. पुढे नोकरी बदलली, लग्न झालं, सेफ्टीचा डिप्लोमा केला. टॅग मी काढला होता हे प्रशांतलासुद्धा कधी सांगितलं नाही. तो टॅग चौकशीच्या फाइलला स्टेपल करताना मी समोर उभी होते.

बेटावरच्या कार्डाच्या कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची दोन भोकं होती.

खोटं कशाला बोलू, भीती वाटली. भुताची म्हणाल तर नाही. या कार्डाने मला ओळखलंय, याची भीती वाटली. कोणी मस्करी करत असेल म्हणावं तर रिसॉर्टचं बुकिंग प्रशांतच्या नावावर, माझ्या ओळखपत्रावर सासरचं आडनाव. तसले नुसते मराठीतले टॅग बंद होऊन किती वर्षं झाली. आता फोटोवाले, तीन भाषांतले येतात. आणि माझ्या बॅगेत टॅग नव्हते हो, स्विमिंगचे कपडे आणि सनस्क्रीन होतं!

"कुछ खास नहीं है ना?" इलेक्ट्रिशियनने विचारलं आणि कार्ड सोडवायला हात पुढे केला.

"हात नाही लावायचा!" मी मराठीतच ओरडले. मग हिंदीत सांगितलं, "हा टॅग माझा आहे. मी काढल्याशिवाय पंप चालू होणार नाही. आणि तुमचा सगळा स्टाफ माझ्यासमोर उभा राहिल्याशिवाय मी काढणार नाही."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं ते 'उन्हाने डोकं फिरलेलं दिसतंय' अशा नजरेने. त्याचं चुकलं नाही, मीही तसंच बघितलं असतं. तेवढ्यात पाण्यासाठी इतर कॉटेजमधले लोक जमले. एक गृहस्थ चेहऱ्यावर अर्धी दाढी आणि अर्धा फेस घेऊन उभे. प्रशांत डोळे चोळत आला.

"शीतल, काय चाललंय? अगं, माझे डोळे जळतायत!"

"जळू देत. आधी माणसं मोजायची."

"हे आपलं चाकण नाहीये! लोक बघतायत."

"बघू देत."

मॅनेजरने आवाज चढवला. गेस्टनी यात पडू नये, पंप रिसॉर्टचा आहे, वगैरे. माझ्याकडे द्यायला कारण काय होतं? अकरा वर्षांपूर्वीचं कार्ड समुद्र ओलांडून आलंय, हे? मी काहीच समजावलं नाही. पॅनलला पाठ लावून उभी राहिले. एकदा दुसऱ्याच्या घाईने टॅग काढला होता, आता जीव गेला तरी काढणार नव्हते.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या आणि ओल्या साडीनिशी माझ्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसल्या.

"आमची सून न्हाई म्हंती, म्हंजी न्हाई," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "कारखान्यात पाचशे माणसं तिचं ऐकत्यात. तू बोलिव तुझी चार टाळकी. आमी काय हालत न्हाई हितनं."

त्याला शब्द कळले नसतील, पण बसलेली म्हातारी कळली. वैतागून त्याने सगळ्यांना बोलावलं. किचनचे, हाउसकीपिंगचे, माळी, बोटवाला. मी एकेकाचा चेहरा बघत बोटं मोजली. तेरा.

"एकूण किती?"

"चौदा. मंडलदा नहीं है. प्लंबर. बाजार गया होगा."

"फोन लावा."

फोन वाजला. पंपाच्या खोलीमागे खिळ्याला शर्ट टांगलेला होता, त्याच्या खिशात. शर्टाखाली चपला.

इलेक्ट्रिशियन टाकीकडे धावला. झाकण बंद होतं. मध्येच पावसाची सर आली म्हणून माळ्याने ते ओढून घेतलं होतं, सफाई संपलीय असं समजून. सहा हातांनी झाकण सरकवलं. खाली शिडीच्या पायथ्याशी एक माणूस भिंतीला टेकून बसलेला, मान छातीवर पडलेली.

इलेक्ट्रिशियन उडी मारायला निघाला तशी मी त्याचा दंड धरला. बंद टाकीत हवा संपलेली असते. वाचवायला जाणारा दुसराही आत पडतो, हे मी दर महिन्याला नव्या पोरांना घोकून सांगते. "कोणी उतरायचं नाही! पंखे आणा!" जेवणाच्या हॉलमधले दोन स्टँडचे पंखे आणून टाकीच्या तोंडावर लावले, वारा सरळ आत. टाकी पुरुषभर खोल होती, एवढं नशीब. प्रशांत आणि इलेक्ट्रिशियन पालथे पडले, हात खाली सोडले, दोरी काखेत अडकवून मंडलदांना वर घेतलं. प्रशांतच्या डोक्यावर शाम्पू तसाच होता. वर आल्यावर मंडलदा मोठ्याने खोकले. मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकलेला नाही.

राहिलेला गाळ काढायला ते जेवण टाकून एकटेच परत आत उतरले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. पंप चालू झाला असता तर बोअरचं सगळं पाणी त्यांच्या अंगावर पडलं असतं, झाकण बंद, बाहेर आम्ही नळाखाली आंघोळी करत.

दवाखान्यातून ते बरे असल्याचा फोन आला तेव्हा मी पॅनलपाशी गेले. टॅग तसाच लटकत होता. 'काढणाऱ्याची सही' ही जागा कोरी होती. मॅनेजरकडून पेन घेतलं, सही केली आणि माझ्या हाताने दोरा सोडला. मग पंप चालू झाला.

दुसऱ्या दिवशी मंडलदा शहाळी घेऊन कॉटेजवर आले. सासूबाईंनी त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले, त्यांना बिचाऱ्यांना अवघडल्यासारखं झालं. त्या रात्री प्रशांतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "परत गेल्यावर दत्ताभाऊंकडे जायचं. मी येतो."

मी माझ्या पद्धतीने तपासही केला. पंपाकडे जाणाऱ्या वाटेवर एकच कॅमेरा आहे. त्यात एक ते तीनमध्ये मंडलदा, माळी, इलेक्ट्रिशियन आणि मॅनेजर दिसतात. चौघांनाही मराठी येत नाही, आणि माझं माहेरचं आडनाव त्यांना कळायचं कारण नाही. त्या वेळेचे आमचे समुद्रावरचे फोटो आहेत. अपघाताच्या मुळाशी जायला आम्ही पाच वेळा "का?" विचारतो, इथे पन्नास वेळा विचारून झालं. टॅग माझ्याकडे आहे, साधा पुठ्ठ्याचा, कडा मळलेल्या.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी दत्ताभाऊंचा पत्ता शोधून काढला. चाकणजवळच्या एका गावात राहतात, घराला लागून छोटं किराणा दुकान आहे. प्रशांतला बाहेर गाडीत थांबायला सांगितलं. हे काम माझं एकटीचं होतं. आत गेले, बसले आणि एका दमात बोलून टाकलं – "दत्ताभाऊ, त्या दिवशी टॅग मी काढला होता. तुमचा चेहरा न बघता. त्रुटीबिटी काही नव्हती, चूक माझी होती."

"मला ठावं हाय, म्याडम," ते म्हणाले. "तुमी कधी येताय त्येच बघत व्हतो."

त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. मग मी बेटावरचं सगळं सांगितलं आणि टॅग त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उरलेल्या तीन बोटांत धरला, उलटासुलटा केला, माझी सही वाचली. मंडलदा आता बरे आहेत ना, असं विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. रागावलेले दिसत नव्हते. नुसते विचारात पडल्यासारखे बघत होते.

"ब्येस झालं. एका गड्याचा जीव वाचला," ते म्हणाले. "पर म्याडम, माझ्या टायमाला ह्यो का न्हाई आला वो?"

चहा गार झाला होता, तो मी पूर्ण प्यायले आणि त्यांच्यासमोर बसून राहिले.