दार नसलेलं घर बंद

माझ्या पोटात काही राहत नाही, हे मोरिवलीत कुणालाही विचारा. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या पोराने नोकरी सोडली — सकाळी मला कळलं की दुपारपर्यंत चार ओट्यांवर सांगून झालेलं असतं. पण ही एक गोष्ट मी चार वर्षं धरून ठेवली आहे. नवऱ्याला सांगितली नाही. तो गेला, आता त्याच्या फोटोसमोर बसून बाकी सगळं बोलते, हे मात्र नाही. बहिणीला नाही — आणि केलं तर तिच्याच घरात बसून होतं! आज तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका. राग आलाय म्हणून समजा. परवापासून इतका राग आलाय की भाकरी थापताना तळहात लाल होतो, तरी थापतेच आहे.

कुणाचा राग? येते त्याच्यावर. थोडं मागून यावं लागेल.

मी सहावी शिकलेली बाई. सासर इथलंच, जुनं शेतकरी घर — जमीन कारखान्यांत गेली, घर तेवढं उरलं. पुढचं वाचायला मी किराण्याच्या पुड्यांवर शिकले. पुडी सोडवायची, कागद सरळ करायचा, अर्धी बातमी मिळायची, उरलेली आपल्या मनाने लावायची. ही मनाने लावायची सवय — तिथेच ठेवा जरा, पुढे लागेल.

तर बचत गटाचे अर्ज मी भरते, रेशनच्या ऑफिसात कोणत्या खिडकीला उभं राहायचं ते मी सांगते, म्हणून शहरातल्या एका संस्थेची माणसं आली तेव्हा सगळ्यांनी माझंच नाव दिलं. त्यांचा अभ्यास होता. सरकारी योजना कुणापर्यंत पोचतात, कुणापर्यंत नाही, आणि मुसलमान वस्त्यांमध्ये नेमकं कुठे अडतं. त्यांच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, मावशी, आकडे आम्ही मांडू, पण घरात शिरणारं माणूस तुम्ही. मला गळ्यात घालायचं कार्ड दिलं, फोटोवालं. मी ते स्वयंपाक करतानाही काढत नव्हते. हसा. मीही हसले असते.

दोन दिवस शिकवणी झाली. त्यात एक नियम होता. घरी कुणी नसेल तर परत जायचं. तीनदा जायचं, तीन वेगळ्या वेळांना. तिसऱ्या फेरीलाही कुणी भेटलं नाही, तरच फॉर्मवर लिहायचं — ‘घर बंद’. आणि घर उघडं असो की बंद, चौकटीवर खडूने नंबर घालायचा, म्हणजे कुणी आपल्या मागून तपासायला आलं तर कळावं.

घर बंद. दोनच शब्द. लिहायला किती वेळ लागतो?

माझ्या वाट्याला आलेल्या वस्तीत एक गल्ली होती, नाल्यापलीकडे, कारखान्याच्या भिंतीला चिकटून. एकोणीस घरं. सगळी मुसलमानांची. आमच्याकडे सगळे त्यांना ‘बाहेरचे’ म्हणतात. मीही म्हणायचे. त्यातली हमीदा परभणीकडची — मग कोकणातून इथे लग्न होऊन आलेली मी तरी कुठली आतली? पण हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा नाही सुचलं.

हमीदाला मी आधीपासून ओळखत होते. उल्हासनगरच्या कॅम्पातून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे यायचे, त्यांचे लोंबते धागे कापायचं काम ती घरी करायची. आत उजेड नाही म्हणून बसायची उंबऱ्यात. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवेलागणीला बघा — मांडीवर पॅन्ट, हातात छोटी कात्री, पायाशी निळ्या धाग्यांचा ढीग. आणि तिच्या घराला दार नव्हतं. हो. दारच नव्हतं. एक कुजून पडलं, दुसरं झालं नाही. जीन्सचे वाया गेलेले तुकडे जोडून शिवलेला जाड पडदा होता, तो दिवसभर वर टाकलेला असायचा.

तिचा नवरा कारखान्यात रंगकामाला होता, तो वारला. विधवेचं पेन्शन अडलेलं. का, तर मृत्यूच्या दाखल्यावर त्याचं नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. एका ऑफिसाने दुसऱ्याकडे पाठवायचं, दुसऱ्याने पहिल्याकडे. मॅडमनी सांगितलं होतं की सर्व्हेत ज्यांची कागदं अडलेली निघतील, त्यांच्या वस्तीतच शिबिर लावणार, सगळे साहेब एका टेबलाशी बसवणार. मी हे हमीदाला आधीच सांगून ठेवलं होतं — पोटात राहत नाही ना! तिने कात्री खाली ठेवली होती. म्हणाली, ताई, माझं नाव पहिलं घाला. मी म्हटलं, घालते की.

घातलं नाही.

त्या आठवड्यात गावात तणातणी होती. कशावरून, ते सांगणार नाही. सांगितलं की तो बहाणा होईल, आणि तुम्ही मान हलवाल, म्हणाल, हो बाई, वातावरणच तसं होतं. नका म्हणू. मला कुणी धमकी दिली नाही. कुणी अडवलं नाही. झालं ते इतकंच की बदलापूर गावात बहिणीच्या पुतणीची हळद होती, आणि तिथे माझा दीर, पक्षाचं काम करणारा, सगळ्या बायकांसमोर माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बोट दाखवून म्हणाला, "काय वयनी, तू तं आता तिकरची आपा झालीस!"

बायका हसल्या. एकीने माझ्या डोक्यावर पदर ओढला, तोंडाभोवती गुंडाळला, म्हणाली, शोभतंय गं. पुन्हा हसल्या.

मीही हसले. आणि कार्ड काढून पर्समध्ये टाकलं.

एवढंच. एका टोमण्यासाठी. लोकांनी जीव वाचवायला खोटं केलेलं ऐकलंय तुम्ही. मी हळदीतल्या हसण्यासाठी केलं. दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत जायचं होतं. मी नाल्यापर्यंत गेले. पलीकडे हमीदा उंबऱ्यात दिसत होती, मान खाली. इकडच्या टपरीवर दिराची मंडळी उभी होती. त्यांनी मला पाहिलं — किंवा नसेलही पाहिलं. मी वळले, रिक्षा केली आणि बहिणीकडे गेले.

बहिणीच्या माळ्यावर बसून मी एकोणीस घरं बंद केली.

आणि कशी केली ते ऐका, कारण त्याचाच मला जास्त राग येतो. नुसतं घर बंद लिहिलं नाही. तीन फेऱ्या लिहिल्या. पहिली सकाळी साडेदहा, दुसरी दुपारी चार, तिसरी रविवारी. सगळीकडे एकच वेळ दिसू नये म्हणून कुठे दहा मिनिटं पुढे, कुठे मागे. दोन पेनं वापरली. चार-पाच घरांना शेरा घातला — ‘शेजारी म्हणाले, कामावर गेले आहेत.’ कोण शेजारी? शेजारीही मीच बंद केले होते! दोन ठिकाणी लिहिलं, ‘आतून आवाज आला, दार उघडले नाही.’ ते का लिहिलं? कुणी सांगितलं नव्हतं. खरं वाटावं म्हणून. पुडीवरची अर्धी बातमी मनाने पुरी करायची सवय.

हमीदाचं घर अकरावं. तिथे माझा हात थांबला, असं सांगायला मला फार आवडलं असतं. नाही थांबला. मी लिहिलं — घर बंद, घर बंद, घर बंद. आणि बाराव्याकडे गेले. मध्ये बहिणीने चहा आणला.

तपासायला कुणी आलं नाही. त्या गल्लीत एकाही चौकटीवर खडू उमटला नव्हता. नुसतं चालत गेलं असतं तरी दिसलं असतं. पण नाल्यापलीकडे जायचा कंटाळा एकट्या मला नव्हता. — हे बघा, लगेच दुसऱ्यांना ओढलं मी. पेन माझ्या हातात होतं. पुढे.

काही महिन्यांनी अंबरनाथला एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. अभ्यासाचं पुस्तक निघालं होतं. पुढारी बोलावले होते, मला शाल-नारळ होता. मॅडम पडद्यावर रंगीत खांब दाखवत होत्या, आणि नाल्यापलीकडच्या वस्तीबद्दल एक वाक्य आलं, की तिथली बरीच घरं तीनदा जाऊनही बंद आढळली, काहींनी आत असून दार उघडलं नाही, यावरून हा समाज योजनांबाबत उदासीन असल्याचं दिसतं.

उदासीन. हा शब्द मला माहीत होता, पण कधी बोलण्यात वापरला नव्हता. चांगला गुळगुळीत शब्द आहे. कुठेच टोचत नाही. मॅडम खोटं बोलत नव्हत्या, बिचाऱ्या माझे कागद वाचत होत्या. आमच्याकडचे पुढारी उठले, त्यांनी तो शब्द उचललाच. हसत हसत म्हणाले, "आम्ही तर द्यायला बसलोय हो. घेणाऱ्यांनी दार तरी उघडावं!"

टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होते, मांडीवर नारळ. टाळ्या वाजवता याव्यात म्हणून मी तो नारळ खाली ठेवला.

शिबिर झालं. नाल्याच्या अलीकडे, दोन वस्त्यांत. पलीकडे कशाला लावायचं, तिथे तर उदासीन लोक! त्यानंतर ते वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल — निवडणुकीच्या सभेत, रेशनच्या रांगेत, माझ्या घरच्या जेवणावर. दीर म्हणायचा, लिहूनच आलंय ना पुस्तकात. मी वाढत राहायचे. एकदा तरी म्हणावं ना, ते पुस्तक नाही रे, ते मी आहे? जीभ गावभर चालते माझी. तिथे तिला काय झालं होतं?

आणि मग हमीदाने विचारलं.

हेच सांगायला मी इतकी फिरते आहे. फॉर्म खोटा भरला, तो गुन्हाच. पण फॉर्मला डोळे नसतात. एकदा मी नाल्यापलीकडून चालले होते, तिने उंबऱ्यातून हाक मारली. हातात कात्री तशीच. राग नव्हता तिच्या आवाजात, नुसतं विचारणं होतं. "ताई, ते सर्व्हेवालं कुणी आलंच नाही की. मी तर हितंच बसून असते."

खरं सांगायला रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. दीर नव्हता, बायका नव्हत्या. कुणाच्या हसण्याची भीती नव्हती. आणि मी म्हणाले, "आले होते गं. तीनदा आले. तुझं घर बंद होतं."

तिच्या मागे तो पडदा वर टाकलेला होता. दाराची बिजागरी तेवढी चौकटीला गंजून लटकत होती. मी त्या बिजागरीकडे बघत हे बोलले.

मला वाटलं, आता ती हसेल. म्हणेल, बंद कुठून, दार आहे का? म्हणायला हवं होतं तिने. पण ती विचारात पडली. बोटांवर मोजायला लागली. मग म्हणाली, हां, मंगळवारी माल द्यायला मी कॅम्पात गेले होते, परत यायला चार वाजले. आणि रविवारी जावेकडे गेले होते. तेव्हाच आले असतील बघा. कपाळावर हात मारून घेतला तिने — स्वतःच्या. म्हणाली, माझंच चुकलं, मला सांगितलं होतं ना तुम्ही.

मी मान डोलावली. मी! मला कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती तिथेच.

वर तिनेच उपाय काढला. म्हणाली, ताई, मला मराठी लिहिता येत नाही, तुम्ही भिंतीवर लिहून द्या. म्हणजे मी नसले तरी येणाऱ्याला कळेल. माझ्या पर्समध्ये सर्व्हेचा खडू होता अजून. अख्खा. त्या गल्लीसाठी दिलेला. मी तो काढला आणि चौकटीशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं — ‘घर उघडे आहे. आवाज द्या.’ तिने शेजारणीला बोलावून दाखवलं. शेजारणीनेही लिहून घेतलं. मग तिसरीने.

तेव्हापासून हमीदा माल द्यायला स्वतः कॅम्पात जात नाही. कुणाच्या तरी हाती पाठवते, त्याचे वरून पैसे देते. जावेकडे जात नाही. कुणी गळ्यात कार्ड घालून नाल्यापलीकडे दिसलं, की ती उठून उभी राहते, मग ते लाइट बिलवाले का असेनात. पेन्शन अजून झालेलं नाही.

पावसात अक्षरं जातात. दर वर्षी ती मला बोलावते, मी जाते, पुन्हा लिहिते. परवा गेले होते. भिंत ओली होती, खडू उमटेना. तिने आपल्या ओढणीने भिंत पुसून दिली. मी लिहिलं. ती मागे सरकून बघत राहिली — वाचता येत नाही, तरी बघत राहिली — आणि म्हणाली, "तुमचं अक्षर लई साफ आहे, ताई. कुणालाबी वाचता येईल."

मी खडू पर्समध्ये टाकला. तिने आतून चहा आणला. मी तो बसून, सगळा प्यायले.