विमचे सहा बाण

हे प्राचीला, म्हणजे माझ्या बायकोला, ठाऊक नाही. आईला नाही, भावाला नाही. ज्या मित्रांच्या ग्रुपवर मी जगातल्या प्रत्येक विषयावर मत ठोकून देतो, त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? बहुधा तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. पण एकदम मुद्द्यावर ये म्हणू नका — मी पळून जाईन. मला माझी ओळख आहे. जरा फिरून येऊ दे.

आइंडहोवनच्या बाहेर, जिथे घरं संपून मक्याची शेतं आणि मग झाडी सुरू होते, तिथे आमचं घर. मी इंजिनिअर. चिप बनवणारी यंत्रं कुठे थरथरतात ते शोधायचं आणि ती थरथर मारायची, एवढंच माझं काम. ऐकायला फालतू वाटतं, पण त्यात मी फार चांगला आहे. होतो म्हणा, आहे म्हणा. ह्या गोष्टीत माझं ते ‘चांगलं असणं’ही आहेच.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. यंत्रं तिकडे, मी इकडे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन. मुलगी दुसऱ्या खोलीत शाळेशी डचमध्ये बोलतेय, प्राची वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, आणि मी खिडकीतून शेजारच्या बागेत बघत बसलेला. तिथे विम असायचा. पंचाहत्तरीचा, निवृत्त सुतार. बायको रिया चार वर्षांपूर्वी गेली; शेवटची दोन वर्षं ती त्याला ओळखत नव्हती. ह्या माणसाला दोनच गोष्टी उरल्या होत्या — बाग, आणि गावातला तिरंदाजी क्लब. पन्नास वर्षांचा सभासद. क्लब बंद, म्हणून तो बागेच्या टोकाला गवताचं जाडजूड लक्ष्य लावून तिथेच बाण मारायचा.

एक दिवस त्यानं मला कुंपणापाशी बोलावलं. दीड मीटर अंतर ठेवून एक जुनं लाकडी धनुष्य गवतावर ठेवलं आणि मागे सरकला. ते रिकर्व्ह होतं, म्हणजे टोकं उलटी वळलेली असतात ते. म्हणाला, नुसता बघत काय बसतोस, घे. मी घेतलं. खोटं कशाला बोलू — त्या वर्षी मला एवढा आनंद दुसऱ्या कशानं झाला नव्हता.

पण धनुष्याचा आवाज! दोरी सुटली की वळलेल्या टोकांवर फाडकन आपटायची. पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायचं. विम हसायचा, म्हणायचा, बेल्जियमपर्यंत गेला बघ. आणि मग त्यानं सहज एक गोष्ट सांगितली. त्याचा कुणी मामा फ्रान्समध्ये धनुष्यानं शिकार करायचा. म्हणे हरीण बाणाला चुकवत नाही, दोरीच्या आवाजाला चुकवतं. बाण पोचायच्या आत आवाज पोचतो, हरीण दचकून खाली बसतं, आणि बाण वरून निघून जातो. इथे मात्र धनुष्यानं शिकार करायला बंदी आहे, हेही त्यानं लगेच सांगितलं. मी मान डोलावली. पण डोक्यात काय राहिलं? बंदी नाही राहिली. आवाज राहिला.

उन्हाळाभर मी तेच केलं. दोरी काढून तिला पंचवीस-तीस पीळ जास्त दिले. दोरी आखडली, टोकांपासून जरा लांब राहू लागली, निम्मा आवाज गेला. दोरी जिथे लाकडावर टेकते तिथे बारीक फेल्टच्या, म्हणजे मऊ लोकरी कापडाच्या, पट्ट्या चिकटवल्या. सासूबाईंनी विणून पाठवलेले मोजे उसवून त्यांच्या लोकरीचे दोन गोंडे दोरीत ओवले, दोरीची थरथर त्या लोकरीत जिरते. प्रत्येक बदलानंतर फोनवर आवाज मोजायचा, वहीत लिहायचं. प्राची म्हणायची, ऑफिसचं काम घरी आणलंस ते कमी पडलं का? तरी एक खणखण उरलीच होती. कारण माझ्या लक्षात आलं — माझे बाण फार हलके. हलका बाण जोर पुरता घेत नाही. उरलेला जोर धनुष्यातच राहतो आणि खडखडतो. जड बाण हवेत.

विमनं शेडमधून सहा काढून दिले. जाड लाकडी, त्यानं स्वतः रंधून केलेले. प्रत्येकाच्या शेपटाशी दोन हिरव्या रेघा आणि त्याचं नाव. क्लबाचा नियमच तो — लक्ष्यात बाण कुणाचा यावरून वाद नको, म्हणून प्रत्येक बाणावर मालकाचं नाव. मी त्यातला एक लावून मारला. फुस्स! कुणी गादीवर उशी टाकावी तसा आवाज. विमनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, आता मार. मी मारला. तो तसाच डोळे मिटून उभा. थोड्या वेळानं म्हणाला, मारलास का? आम्ही दोघंही किती हसलो. तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो.

तिथे थांबायला काय हरकत होती? पण मला फोनच्या आकड्यावर विश्वास नव्हता. फोनचा कान काय, हरणाचा कान काय! मटण नको होतं मला, आमच्याकडे आठवड्याला एकदा चिकन होतं तेवढं पुरतं. राग नव्हता कशाचा. लॉकडाऊनमध्ये वेड लागलं होतं असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. माझं काम खरंच इतकं चोख झालंय का, एवढंच मला बघायचं होतं.

ऑक्टोबरात, उजाडता उजाडता, मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला मी झाडीत उभा राहिलो. विमच्या एका बाणाला ऑनलाइन मागवलेलं ब्लेडचं टोक बसवलेलं. इथलं हरीण लहान चणीचं असतं, आपल्याकडच्या मोठ्या शेळीएवढं. वीस पावलांवर आलं. मी सोडला. त्यानं ऐकलं नाही. कानसुद्धा हलला नाही. बाण पोटात, मागच्या बाजूला लागला. ते क्षणभर उभंच राहिलं, आपल्याला काय झालं ते न कळून. मग पळालं. झाडीत फांद्या मोडत गेल्या, बराच वेळ ऐकू येत होत्या. जखमी जनावराच्या मागे जायचं असतं, ते संपवायचं असतं, एवढं मलाही कळत होतं. मी गेलो नाही. घरी आलो, आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. आलं किसून.

ते चार दिवसांनी सापडलं. चरात पडलेलं, आणि जिवंत. वनरक्षकानं गोळी घालून त्याला सोडवलं. गावच्या पेपरात बाणाचा फोटो आला. दोन हिरव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

तुम्हाला वाटलं असेल, हीच ती कबुली. हरणाची. नाही हो. हरणाचं एक वेळ मी कुणाला सांगूही शकलो असतो.

विम त्याच दिवशी कुंपणाशी आला. पोलीस त्याच्याकडे येऊन गेले होते, क्लबानं नाव ओळखलं होतं. चेहरा पांढराफटक. पण माझ्यावर संशय? छे. त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, ते सहा बाण तुझ्याकडेच आहेत ना रे सगळे? एखादा कुठे हरवला, चोरीला गेला असं काही?

माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा सरकारदरबारी होता. अशा गुन्ह्याचा दंड जरी नावावर लागला तरी अर्ज फेटाळतात, पाच वर्षं गेली पाण्यात. हे कारण सांगतोय, सबब नाही. हरवला म्हटलं असतं तरी निभावलं असतं, त्यानंच तर वाट दाखवली होती. पण मग पोलीस माझ्या दारात आले असते, धनुष्य बघायला मागितलं असतं. आणि तोंडातून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, देवाशपथ — पण किती सफाईनं निघालं!

“ते तर मी सप्टेंबरातच परत दिले, विम. तुम्ही स्वतः शेडमध्ये फळीवर ठेवलेत. आठवत नाही का?”

ही आहे कबुली. हे एक वाक्य.

कारण मला माहीत होतं. रिया कशी विसरत गेली ते त्यानंच मला सांगितलं होतं, ह्याच कुंपणाशी. हातातला चमचा कशासाठी ते तिला कळेना, तिथपासून. आपलंही तसं होईल, ह्याच एका गोष्टीला तो घाबरायचा. आणि मी नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्याच्या डोळ्यांत मला आधी गोंधळ दिसला, मग दुसरंच काहीतरी. तो म्हणाला, हो का? बरं. आणि आत गेला.

पोलिसांना त्यानं माझं नावही सांगितलं नाही. कशाला सांगेल? बाण तर मी परत दिले होते. पुरावा नाही म्हणून त्याच्यावर काही झालं नाही. पण क्लबानं कळवलं, तूर्त येऊ नका. त्यानं मारला असेल असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं. पण जो माणूस आपले बाण कुठे ठेवले हे विसरतो, त्याच्या हातात धनुष्य कसं द्यायचं? विमनं वाद घातला नाही. क्लबाची किल्ली पाकिटात घालून परत पाठवली. पन्नास वर्षांनी.

मग तो डॉक्टरकडे गेला. घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला लावले. नोव्हेंबरात मला म्हणाला, डॉक्टर म्हणतात काहीच नाही, सगळं ठणठणीत. मग म्हणाला, “पण मग ते बाण?” आणि माझ्याकडे बघत राहिला. दुसरी संधी होती ती. अर्जाचा अजून पत्ता नव्हता. मी म्हणालो, होतं असं ह्या वयात. वर हसलोही. कुठून आलं हो ते हसू?

जानेवारीत त्याला कोविड झाला. हॉस्पिटलात कुणाला सोडत नव्हते. नऊ दिवस. अंत्यविधी आम्ही लॅपटॉपवर बघितला, प्राची रडली, मुलगी रडली, तिचा तो ओपा विम, म्हणजे आजोबाच. मीही रडलो. माझं रडणं बघून प्राचीनं माझा हात धरला.

वसंतात माझं नागरिकत्व झालं. खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हॉलमध्ये खुर्च्या लांब लांब ठेवलेल्या. नागरिकाची कर्तव्यं प्रामाणिकपणे पाळीन, अशी शपथ मी उभं राहून डचमध्ये घेतली. उच्चार चांगले आले. ते माझ्याकडून विमनंच घोटून घेतले होते.

घर रिकामं करायला त्याची मुलगी मार्लेन आली, तेव्हा मी मदतीला गेलो. नाही कसं म्हणणार? म्हणाली, धनुष्य तुमच्याकडेच ठेवा, बाबांना आवडलं असतं. घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. गॅस बंद केला का. मागचं दार. मार्लेनचा वाढदिवस. ती म्हणाली, पूर्वी असं काही करत नव्हते, शेवटच्या तीन-चार महिन्यांत काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणालो, हो ना. शेडमधल्या चिठ्ठ्या मी काढतो, असंही मीच म्हणालो. एका रिकाम्या फळीवर सुतारी पेन्सिलीनं लिहिलेली एक होती: ‘सहा बाण इथे ठेवले. मला आठवत नाही.’

ती मी खिशात घातली. उरलेले पाच बाण आणि ती चिठ्ठी माळ्यावर आहेत, गणपतीच्या मखराच्या खोक्यात, तळाशी. ते खोकं दर वर्षी मीच खाली काढतो, प्राचीला हात लावू देत नाही. मखर उचललं की ते दिसतात.

त्यानं बाण फळीवर ठेवले नव्हते. विमला सगळं नीट आठवत होतं.