जिवंत आत्याचा अकारा

अयोका स्वभावानं गरीब आहे, असं इबादानमधल्या आमच्या आळीत सगळे म्हणत. निदान तिच्या हातचा अकारा तोंडात असताना तरी म्हणत. शनिवारी सकाळी भिजवलेल्या चवळीची सालं काढायची, ती बारीक वाटायची, दंड भरून येईपर्यंत फेटायची आणि चमच्या-चमच्यानं पाम तेलात सोडायची. अकाऱ्याचे वडे फुगून वर आले की दोन्ही मुली मक्याच्या आंबिलीची वाडगी घेऊन चुलीपुढे फतकल मारत. बाकीचा आठवडा सासरचे म्हणतील तसा जाई, पण शनिवारची सकाळ अयोकाची होती.

आणि मग अलाके आत्या आली. नवऱ्याची आत्या, इसेयिन गावची. दुखरा गुडघा शेकून घ्यायला आली. गुडघा बरा झाला, पण आत्या काही हलेना.

एका शनिवारी तिनं कढईत डोकावून विचारलं, "हे काय गं, गोट्या तळतेस?"

वडे खरंच बसले होते. चपटे आणि घट्ट. अयोकाला काही कळेना. तेवढ्यात तिला आत्याच्या बोटांना चिकटलेलं मीठ दिसलं. अयोका दारात कोळसेवालीशी घासाघीस करत असताना म्हातारीनं फेटलेल्या पिठात मूठभर मीठ घातलं होतं! मीठ घालायचं ते अगदी तळायच्या वेळी. आधी पडलं की पीठ पाणी सोडून मान टाकतं. आत्यानं हे चुकून केलं असं म्हणणं म्हणजे मांजर चुकून दुधाकडे गेलं म्हणण्यासारखं होतं.

पुढच्या शनिवारी आत्या स्वतः चुलीपुढे बसली. धाकटी म्हणाली, "आई, आता दर वेळी आजीलाच करू दे." शिवाय आत्यानं नळावर बातमी पोचवली, "माझा पोरगा वाळत चाललाय हो. बायको दगड खायला घालते!" हा वाळत चाललेला पोरगा म्हणजे अयोकाचा नवरा देजो. तो दारातून अंग तिरकं करूनच आत येई.

"म्हातारं माणूस आहे, सोडून दे," देजो म्हणाला.

अयोकानं सोडलं नाही. तिनं भलं मोठं पातेलं भरून चवळी भिजत घातली.

आमच्याकडे पिकल्या वयाचं माणूस गेलं की घरचे अकारा तळतात आणि घरोघरी वाटतात. वेगळा निरोप लागत नाही. दारात वड्यांची ताटली आली की समजायचं. शनिवारी आत्या वेण्या घालून घ्यायला मागच्या गल्लीत गेली आणि अयोका टोपली घेऊन निघाली. एक अक्षर खोटं बोलली नाही. प्रत्येक दारात ताटली ठेवली आणि एक लांब सुस्कारा सोडला.

थोड्या वेळात बैठक माणसांनी भरली.

"मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये," शेजारची रफियूची आई म्हणाली, "पण माझी बादली नेलेली, ती काही परत आली नाही."

"तोंड फार वाईट होतं गं," दुसरी म्हणाली. "अकारा मात्र झकास झालाय. कापूस नुसता!"

"अयोकाच्याच हातचा ना! आणि म्हातारी म्हणे दगड."

अर्ध्या डोक्याला वेण्या आणि अर्धं मोकळं अशी आत्या दारात उभी होती. कुणीतरी रस्त्यात तिला बघून किंचाळलं होतं, म्हणून ती तशीच उठून आली होती. बैठकीत जो गोंधळ उडाला तो विचारू नका. रफियूची आई खिडकीतून गेली, वडा हातात घेऊन.

पण त्याआधी तिनं इसेयिनला फोन करून ठेवला होता. दुपारी आत्याचा थोरला मुलगा गाडी आणि पांढरं कापड घेऊन रडत आला. आई जिवंत बघून जास्तच रडला.

"चल आत्ताच्या आत्ता," तो म्हणाला. "तिकडे सगळं गाव दारात बसलंय. तुझं तोंड बघितल्याशिवाय उठायचे नाहीत."

गाडीत बसताना आत्यानं अयोकाकडे रोखून पाहिलं. "मुद्दाम केलंस."

"काय केलं आत्या? तळला आणि वाटला."

आत्यानं टोपलीतला एक वडा उचलला, मोडून आत पाहिला, खाल्ला. "मी खरी जाईन तेव्हा इसेयिनला यायचं. सगळ्या गावाचा तूच तळायचास. माझ्या सुना दगड तळतात."

"तळीन की!" अयोका म्हणाली, आणि ते इतक्या उत्साहानं, की थोरलासुद्धा रडायचं थांबून तिच्याकडे बघायला लागला.

गाडी गेली. अयोकानं उरलेलं पीठ तळायला घेतलं. धाकटी वाडगं घेऊन चुलीपुढे आली. "आई, मला दे ना."

"आजीकडे माग," अयोका म्हणाली, आणि तिला तशीच उभी ठेवून तिच्या डोळ्यांदेखत पहिला गरम वडा स्वतः खाल्ला. दुसरा मात्र मुलीला दिला.