आधी तारीख सांगा

"आधी तारीख सांगा, मग नाव," असं म्हणत ते टेबलावर डावी मूठ आपटायचे. उजवी मूठ वळायची नाही. निजामाच्या राजवटीत गावच्या चावडीवर तिरंगा लावला म्हणून ते अकरा महिने तुरुंगात होते. तिथल्या मारानं त्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली होती.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी मी औरंगाबादच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायला लागलो. ते तिथं इतिहास शिकवत. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत असू. त्यांचं स्वतःचं शिक्षण उर्दूतून झालेलं. "आमच्या शाळेत इतिहासाला तारीखच म्हणत," ते सांगायचे. "तारीख चुकली की सगळंच चुकलं."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याच्यासमोर चहा पितानाही जीभ सांभाळावी लागते. एकदा मी सहज म्हणालो, "सत्तेचाळीस साली आपण स्वतंत्र झालो." मूठ आपटली. कपातला चहा बशीत सांडला.

"कोण आपण? पुण्याचे झाले, नागपूरचे झाले. तुम्ही-आम्ही इथं अजून तेरा महिने मार खात व्हतो!"

देशाचा पहिला राष्ट्रप्रमुख कोण, हा वाद शिक्षकांच्या खोलीत त्यांनीच काढला. राष्ट्रपती, असं आम्ही एका सुरात म्हणालो. सर चिडले. पंधरा ऑगस्टपासून पहिल्या सव्वीस जानेवारीपर्यंतची अडीच वर्षं कुठं गेली? त्या काळात कायद्यानं प्रमुख होता विलायतेचा राजा, आणि गव्हर्नर जनरल त्याच्या वतीनं बसायचा.

"म्हणजे आपण स्वतंत्र झालोच नव्हतो म्हणता?" चित्रकलेचे मास्तर वैतागले.

"झालो व्हतो. पण प्रमुख तो व्हता. दोन्ही खरं आहे. तुम्हाला एकच पाहिजे, त्याला मी काय करू?"

आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "इथं आपल्या राज्याचा प्रमुख, राजप्रमुख, आज कोण आहे? निजामच. ज्याच्या राज्यात ही बोटं गेली, तोच. मला राग येत नाय व्हय? लई येतो. पण राग आला म्हणून मी पाटीवर दुसरं नाव लिहू?"

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला शाळेत सामान्यज्ञानाची स्पर्धा झाली. प्रश्न विचारायला संस्थेचे अध्यक्ष स्वतः उभे राहिले. मोठे वकील. जुन्या राजवटीत शेरवानी घालून दरबाराला जायचे, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. आता अंगावर कडक खादी होती.

शेवटी दोन मुलं उरली. त्यातली एक नववीतली शमीम, सिल्लोडच्या एका शिंप्याची मुलगी. मामाकडे राहून शिकत होती. अध्यक्षांनी विचारलं, "आपल्या देशाचा पहिला राष्ट्रप्रमुख कोण?"

"सव्वीस जानेवारीच्या आधीचा का नंतरचा?" तिनं विचारलं. मंडपात हशा पिकला. ती बावरली नाही. "नंतरचे राष्ट्रपती. आधी विलायतेचा राजा. पण आपण तवा देशात नव्हतो. आपल्या इथं निजाम होता."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "नाव काय तुझं?"

तिनं नाव सांगितलं.

"अस्सं," ते मंडपाकडे वळून म्हणाले. "म्हणजे अजून निजामच आठवतो."

पुढच्या रांगेतले लोक हसले. ते हसू मला आजही ऐकू येतं आणि आजही कानशिलं तापतात. सर उठले आणि थेट मंचावर गेले. "उत्तर बरोबर आहे. बक्षीस तिचं आहे. आणि वकीलसाहेब, निजाम तुम्हाला जास्त आठवायला पाहिजे. कुर्निसात तुम्ही करत व्हता, ती नाय."

बक्षीस दुसऱ्या मुलाला दिलं गेलं.

दोन दिवसांनी संस्थेची चिठ्ठी आली: मुलीनं लेखी माफी मागावी, नाहीतर नाव कमी करण्यात येईल. तिचे वडील पहाटेच्या गाडीनं सिल्लोडहून आले. माफीचा कागद त्यांनी मामाकडून लिहून आणला होता. सरांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि फाडला.

"चूक नाय तर माफी कशाची?"

शिंपी खाली वाकले. तुकडे गोळा करत म्हणाले, "सर, तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा. तुम्ही तुरुंगात जाऊन आले, लोक तुम्हाला हार घालतात. आमच्या पोरीनं तेच बोललं तर आम्हाला घर सोडावं लागंल. ॲक्शनच्या वेळी आमची दुकानाची मशीन एकदा लुटली गेलीय, सर. आम्हाला इथंच राहायचंय."

सरांची मूठ टेबलावर तशीच राहिली.

दुपारी त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं. मी शेजारी बसलो होतो. 'उत्तर सर्वस्वी माझं आहे. मुलीनं अर्थ न कळता केवळ पाठ केलं. तिचा दोष नाही.' लिहून झाल्यावर पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"निजामाची गोष्ट मी शिकवलीच नव्हती. ती तिनं स्वतः ताडली. वर्गात एवढी हुशार पोरगी नाय, आणि मी लिहून देतोय की तिला अर्थ कळत नाय." त्यांनी टाक खाली ठेवला. "आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिवलं. ते बी असल्या माणसांसाठी!"

शमीमचं नाव राहिलं. आता संस्थेला सरांनाच काढायचं होतं, पण त्याला ते पत्र पुरेसं नव्हतं. राजा आणि गव्हर्नर जनरल कायद्याच्या पुस्तकात होते, म्हणजे उत्तर बरोबरच होतं. वकिलांना ते चांगलं माहीत होतं. म्हणून चौकशी नेमली, आणि एक टाइप केलेला कागद माझ्यासमोर आला. सर शिक्षकांच्या खोलीत 'निजामाचं राज्यच बरं होतं' असं वारंवार म्हणत, अशी त्यात माझी साक्ष होती. मी वाचली. माझी नेमणूक तात्पुरती होती आणि बायकोला सातवा महिना होता. मी सही केली.

तुरुंगात बोटं मोडून आलेल्या माणसाला निजामाचा माणूस म्हणून शाळेतून काढलं गेलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "बाईंची तब्येत बरी आहे ना?"

पुढं ते देवगाव रंगारीला गेले आणि तिथल्या शाळेत मरेपर्यंत शिकवत राहिले. मी एकदाही भेटायला गेलो नाही. शमीम मात्र दर सुटीत जायची. ती पुढं शिक्षिका झाली, हेही मला दुसऱ्याकडूनच कळलं.

सर वारल्यावर आमच्या शाळेत शोकसभा झाली. तोवर माझी नोकरी कायम होऊन बरीच वर्षं लोटली होती. वकीलसाहेब म्हातारे झाले होते, तरी अध्यक्ष तेच. ते बोलले. थोर देशभक्त, निःस्पृह गुरू. आणि शेवटी म्हणाले, "खेड्यातल्या मुलांसाठी त्यांनी स्वेच्छेनं ही शाळा सोडली."

मी उभा राहिलो.

"स्वेच्छेनं नाही. त्यांना काढलं. खोट्या साक्षीवर काढलं. ती साक्ष तुम्ही लिहिली आणि सही मी केली."

कुणीतरी खोकलं. मुख्याध्यापक पुढं आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बसा, बसा. आता झालं ते झालं."

मी बसलो नाही. दोन मिनिटं शांततेसाठी सगळे उठले, डोळे मिटून उभे राहिले आणि खाली बसले. त्यानंतरही मी एकटा उभाच होतो.