यासुओच्या जागेवरची बॅटरी

हात्सुएचा खांदा गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. होडीच्या जुन्या इंजिनाची दोरी तिला ओढवेना. जपानच्या बिवा तलावातल्या आमच्या बेटावर नवरा-बायको जोडीनं मासेमारी करतात. दोरी आणि जाळं यासुओकडे असायचं, सुकाणू हात्सुएकडे. पण यासुओला झटका आला, वाचा गेली, आणि तो पलीकडच्या काठावर कालव्यालगतच्या वृद्धाश्रमात जाऊन पडला.

तेव्हा हात्सुएनं होडीला विजेची मोटर बसवली. प्रवासी बोट आहे, पण ती लांबच्या धक्क्याला लागते. हात्सुएची होडी थेट यासुओच्या खिडकीखाली लागायची. माणसं तो ओळखेलच असं नाही, होडी मात्र ओळखायचा. ती काठाला येऊ लागली की आतून हातवारे करायचा, डावीकडे घे, अजून डावीकडे. जन्मभर त्यानं हेच ऐकवलं होतं. आता दोघांत बोलणं म्हणून एवढंच उरलं होतं आणि हात्सुए त्यासाठीच जायची.

जानेवारीत बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकू लागली. दुकानदारानं बजावलं होतं की थंडीत ती कमीच चालते, चार्जिंगला लावण्याआधी तिचा गारठा जाऊ दे, वर काही झाकू नको, नजर ठेव. हात्सुएनं त्यातलं गारठ्याचं तेवढं ध्यानात ठेवलं. आमच्याकडे गारठलेल्याला कोतात्सूत बसवतात. बुटक्या टेबलाखाली विजेची शेगडी, वरून जाड रजई. यासुओ बसायचा त्या बाजूला तिनं बॅटरी आत सरकवली, तिथेच वायर जोडली आणि वरून रजई खोचली. पुढे पुढे तर संध्याकाळी ती तिच्याशी बोलूही लागली, आज जाळ्यात काही आलं नाही वगैरे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बॅटरी चटईवर नीट बसेना, डुलायला लागली. पोट फुगलं होतं आणि गोडसर, उग्र वास येत होता. आमची घरं लाकडाची, एकमेकांना खेटलेली, गल्लीतून तीनचाकी सायकल जेमतेम जाते. आग लागलीच तर विझवायला आम्हीच. आग विझवणाऱ्या गावच्या पथकाची म्होरकी किनुयो हात्सुएच्या शेजारीच राहायची. एखादी बॅटरी बिघडल्याचं कानावर आलं की बेटावर बॅटऱ्या बंद, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

आणि नेमका यासुओकडे जायचा दिवस. हात्सुएनं मनाशी ठरवलं, आजचा दिवस निभेल, पलीकडे गेल्यावर दुकानात देऊन टाकू. बॅटरी हळूच सायकलवर ठेवून ती बंदरावर आली. होडीत ठेवणार तोच तिच्या मनात आलं, ही होडी लागणार खिडकीखाली, आणि आत ज्यांना उठता येत नाही अशी माणसं ओळीनं झोपलेली. बांधाच्या टोकाला मोकळ्या दगडावर बॅटरी ठेवून ती थेट किनुयोच्या दारात गेली.

"कोतात्सूत? वरून रजई घालून?" किनुयो म्हणाली.

"थंडी होती हो, ताई."

"थंडी होती म्हणून कुणी चुलीवर झोपतं का गं? आणि त्याच भिंतीला डोकं लावून मी घोरतेय!"

"चुकलं माझं. पण होडी बंद करू नका."

किनुयोनं दुकानदाराला फोन लावला. ही प्रवासी बोटीनं आणायची नाही, असं बजावून तो स्वतःच्या बोटीतून वाळू भरलेली लोखंडी पेटी घेऊन आला आणि बॅटरी घेऊन गेला.

बेटाच्या बैठकीत बॅटरी घरात ठेवायला बंदी झाली. चार्जिंग बंदरावरच्या काँक्रीटच्या बर्फखोलीत, दिवसा, दार उघडं ठेवून आणि कुणीतरी शेजारी बसून. बसणार कोण, यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. किनुयो म्हणाली, जाळी मला कुठेतरी बसूनच विणायची असतात. त्या रात्री हात्सुए पोटभर रडली.

नवी बॅटरी आली, त्या दिवशी किनुयो होडीत आली. बॅटरीच्या पेटीचे पट्टे तिनं स्वतः आवळले आणि वाटेत दोनदा हलवून पाहिले. कालव्यात शिरताच खिडकीत यासुओचा हात उठला. डावीकडे, अजून डावीकडे.

"अगं, डावीकडे खांब आहे," किनुयो म्हणाली.

"माहीत आहे."

"मग हा चुकीचं सांगतोय?"

"जन्मभर," हात्सुए म्हणाली, आणि तिनं होडी डावीकडे घेतली. होडी खांबाला घासली. पेटी जागची हलली नाही.