सडक्या सोयाबीनचे आभार

चमत्कार सांगणाऱ्या माणसाच्या घरी मी ताकसुद्धा फुंकून पिते. आणि माझ्या धाकट्या भावाने, सुमेधने, मुलगी पसंत केली ती नेमकी चर्चच्या पाळकाची! "ताई, तू हो म्हटलं तरच," म्हणून त्याने सगळं माझ्या गळ्यात टाकलं. आमच्या बौद्ध घरातून देव गेले ते आजोबांच्या काळात. आता नवा देव मागच्या दाराने यायचा आणि भावाला घेऊन जायचा, ही माझी भीती. मुलीकडच्यांनी चर्चमधल्या हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाला बोलावलं तेव्हा मी मुद्दाम एकटीच निघाले.

अकोल्याहून सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून ऑटोने अमरावती. इथेच दह्यातला गिलावडा खाऊन घ्या, पुढे खाण्याचं काही खरं नाही. परतवाड्याच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, रस्ताही बरा. पण खिडकीबाहेर पावसाने काळं पडलेलं सोयाबीन संपतच नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, "यंदा काईच रायलं नाई बाई." असल्या वर्षी आभाराचा सण? कुठेतरी पाणी मुरतंय, अशी माझी तिथेच खात्री झाली.

चिखलदऱ्याचा घाट लागायच्या आधी त्यांचं गाव आहे. परतवाड्याहून काळीपिवळी जीप मिळते, भरल्याशिवाय हलत नाही. या सणाला लोक शेतातला माल चर्चमध्ये वाहतात आणि मग त्याचा लिलाव होतो. भोपळे, मक्याची कणसं, संत्री, एक कोंबडी. मधोमध टोपलंभर काळं, कोंब फुटलेलं सोयाबीन. ते पाळककाकांच्या स्वतःच्या शेतातलं होतं. दया गोळा करायची युक्ती चांगली आहे, मी मनात म्हटलं. त्यात येशूने वादळ शांत केल्याची गोष्ट वाचली गेली आणि माझं डोकंच फिरलं.

लिलावात त्या टोपल्याला कोणी विचारलं नाही. मग पंगत बसली. वरण, रोडगे, वांग्याची भाजी. काका वाढत माझ्यापाशी आले तेव्हा मी विचारलंच.

"तुमचा देव वादळ थांबवते म्हन्ता, मंग हे सोयाबीन काहून सडलं?"

"थांबवू शकते तो. यंदा नाई थांबवलं."

"काहून?"

"ते मले नाई सांगतलं त्यानं."

"तुमी प्रार्थना केली नसन."

"केली ना बाई. अन् गंजीवर ताडपत्रीबी टाकली. ताडपत्री वाऱ्यानं नेली."

"मंग आभार कायचे?"

"मनासारखं झाल्यावर तं कोनीबी मानते. तो धनी हाय, त्याले हुकूम सोडणारा मी कोन?"

उत्तर जरा जास्तच गुळगुळीत वाटलं. म्हणून मग मूळ प्रश्न काढला. "सुमेधले बाप्तिस्मा घ्या लागन काय?"

काका वाढता वाढता थांबले. "त्यानं घ्यावा असं मले वाटते. खोटं कायले बोलू? पन ढग माह्यानं हटले नाई, मानसाचं मन माह्यानं हटन काय? तो नाई म्हनला तरी पोरगी देईन. प्रार्थना मात्र करत राईन."

हे शेवटचं मला खटकलं. पण लबाड माणसाने ते सांगितलंच नसतं, आणि याचा मला जास्त राग आला. त्या काळ्या शेंगांसाठी मानलेले आभार अजून डोक्यातून जात नाहीत. पटले मुळीच नाहीत.

घरी सुमेध दारातच उभा होता.

"काय म्हन्ले?"

"तुह्यासाठी प्रार्थना करनार म्हन्ते."

त्याचा चेहरा पडला. "मंग?"

"करू दे. मागची कुठी ऐकली देवानं," मी चपला काढत म्हटलं. "तारीख काढ. पन उन्हाळ्यातली. त्या मानसाच्या प्रार्थनेवर पावसाळ्यात मांडव नाई टाकत मी."